निनी मार्शल : आपल्या भूमिका स्वतः लिहिणारी अर्जेंटिनाची विनोदी अभिनेत्री

धागाकर्ती : पडद्यामागची

ब्युनोस आयर्सच्या रेडिओ एल मुन्दो या केंद्रावर १९३७ च्या सुमारास दोन बायकांचे आवाज श्रोत्यांच्या चांगलेच ओळखीचे झाले. एक होती कान्दिदा, स्पेनच्या गालिसिया प्रांतातून आलेली घरकामाची बाई. दुसरी कातिता, इटालियन स्थलांतरितांच्या घरात जन्मलेली, शहराच्या साध्या वस्तीत वाढलेली, तोंडाळ आणि चौकस मुलगी. हे दोन्ही आवाज एकाच स्त्रीचे होते आणि दोघींच्या तोंडचे प्रत्येक वाक्य तिनेच लिहिलेले होते. ही स्त्री म्हणजे निनी मार्शल. अर्जेंटिनात त्यांना ‘स्कर्टमधला चॅप्लिन’ म्हटले जाते. ही पदवी प्रेमाने दिलेली असली तरी मला ती पटत नाही. चॅप्लिनची थोरवी मूकपटात आणि शरीराच्या हालचालींत घडली, तर निनी मार्शल यांची सारी कला बोलण्यावर उभी आहे. माणूस कुठे जन्मला, किती शिकला, काय लपवू पाहतो आणि कोणासारखे दिसू पाहतो, हे त्याच्या बोलण्यातून नेमके टिपणारा कान त्यांच्याकडे होता. म्हणूनच त्यांना मी आधी लेखिका मानते आणि नंतर अभिनेत्री.

त्यांचे खरे नाव मारिना एस्तेर त्राव्हेर्सो. जन्म १ जून १९०३ रोजी, ब्युनोस आयर्समध्ये. आईवडील स्पेनच्या अस्तुरियास भागातून आलेले. वडील त्या तान्ह्या असतानाच वारले आणि आईने मुलांना वाढवले. हा काळ लक्षात घेतल्याशिवाय त्यांचा विनोद समजत नाही. १९१४ च्या जनगणनेच्या वेळी ब्युनोस आयर्समधील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. इटालियन, स्पॅनिश, पूर्व युरोपातून आलेले ज्यू, सीरिया-लेबनॉनकडचे व्यापारी, सगळे एकाच शहरात, अनेकदा एकाच वाड्याच्या समाईक अंगणाभोवती राहत आणि प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने स्पॅनिश बोले. रंगभूमीवर ‘साइनेते’ नावाच्या छोट्या नाटकांनी या मिश्र बोलीचा उपयोग आधीच केला होता, परंतु तिथली पात्रे बहुधा साच्यातली असत. निनींनी साचा घेतला नाही. कान्दिदा त्यांच्या बालपणीच्या घरात कामाला असलेल्या गालिसियन बाईवरून घडली. कातिता घडली ती रेडिओ केंद्राच्या दाराशी हुआन कार्लोस थोरी या देखण्या गायक-नटाच्या सहीसाठी ताटकळणाऱ्या मुलींवरून. त्या मुलींचे बोलणे निनींनी ऐकले, मनात साठवले आणि कातिताला एक लांबलचक इटालियन आडनाव देऊन माइकसमोर उभे केले. पुढे खुद्द थोरीच तिचा संवादातला जोडीदार झाला, ही मला फार समर्पक गोष्ट वाटते.

रेडिओपर्यंतचा रस्ता मात्र सरळ नव्हता. पहिला विवाह एका अभियंत्याशी झाला. त्याच्या जुगाराच्या नादामुळे संसार कोसळला आणि लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्यांना कमाईचा मार्ग शोधावा लागला. तो मार्ग लेखणीचाच होता. ‘ला नोवेला सेमानाल’ आणि नंतर रेडिओविषयीचे ‘सिन्तोनिया’ या नियतकालिकांत त्या लिहू लागल्या. ‘सिन्तोनिया’तील त्यांचे मित्झी या टोपणनावाचे सदर रेडिओवरील कलावंतांना हलकेच टोचत असे. दुसऱ्यांच्या कार्यक्रमांवर लिहिता लिहिता त्या स्वतः रेडिओवर आल्या, त्याही आधी गायिका म्हणून, इव्होन दार्सी असे फ्रेंच वळणाचे नाव घेऊन. मार्शल हे आडनाव दुसरे पती मार्सेलो साल्सेदो यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरांतून जुळवलेले आहे. वयाची तिशी उलटल्यावर, घटस्फोटाची सोय नसलेल्या देशात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या एका आईने हे सारे उभे केले, याकडे त्यांच्याविषयीच्या गौरवलेखांत पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते.

१९३८ साली लुमितोन या कंपनीसाठी मानुएल रोमेरो यांनी ‘मुहेरेस के त्राबाहान’ म्हणजे ‘काम करणाऱ्या स्त्रिया’ हा चित्रपट केला आणि कातिता पडद्यावर आली. चित्रपटाची नायिका मेचा ओर्तिस होती. श्रीमंत घरातली मुलगी वडिलांच्या दिवाळखोरीनंतर एकाकी पडते आणि तिचा मोटारचालक तिला आपण राहतो त्या खानावळवजा घरात घेऊन जातो, जिथे दुकानांत नोकरी करणाऱ्या मुली राहतात. कातिता त्यांच्यापैकी एक आहे. कथेच्या दृष्टीने ती दुय्यम आहे, पण ती बोलू लागली की नायिकेचे दुःख बाजूला पडते. यानंतर दहा-बारा वर्षे त्यांचे वर्षाला दोन-तीन चित्रपट येत राहिले.

१९४३ च्या जूनमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि नव्या राजवटीने रेडिओवरील भाषा ‘शुद्ध’ करण्याचा चंग बांधला. निनी मार्शल यांच्या पात्रांना रेडिओवर मनाई झाली. त्या भाषेचा विपर्यास करतात आणि सारासार विचार नसलेली जनता त्यांचे अनुकरण करते, अशा आशयाचे कारण देण्यात आले. ज्या जनतेचे बोलणे त्यांनी इतक्या बारकाईने ऐकले, तिलाच निर्बुद्ध ठरवून ही बंदी घातली गेली. या एका प्रसंगासाठीसुद्धा त्यांचे चरित्र आपण वाचले पाहिजे. त्यांच्याविषयी आणखी माहिती असणाऱ्यांनी कृपया भर घालावी आणि मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने मांडावेत.

---

वाळवंटातील_विहीर

लेख आवडला. मेचा ओर्तिस यांचे नाव ऐकले होते, निनी मार्शल यांचे नव्हते. मात्र एक प्रश्न मनात येतो आणि तो टाळता येत नाही. घरकाम करणाऱ्या परप्रांतीय बाईचे अशुद्ध बोलणे ऐकून मध्यमवर्गीय श्रोते हसतात, या विनोदात अन्याय नाही का? कान्दिदासारख्या खऱ्या बायका तेव्हा हजारोंच्या संख्येने त्या शहरात राबत असणार. त्यांना मालकिणीच्या दिवाणखान्यातून हा कार्यक्रम ऐकू येत असेल तेव्हा काय वाटत असेल?

---

पडद्यामागची

हा प्रश्न योग्य आहे आणि अर्जेंटिनातही तो विचारला गेला आहे. गालिसियन माणूस म्हणजे मंदबुद्धी, असे विनोद तिथे पूर्वापार सांगितले जातात. ‘गायेगो’ हा शब्द तर कोणत्याही स्पॅनिश माणसासाठी सरसकट वापरला जातो. कान्दिदा या वातावरणातूनच आली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही माझे उत्तर असे की संवादात हसू कोणाच्या दिशेने जाते ते पाहावे. कान्दिदाला शब्द अडतात, पण कष्ट, पगार, मालकांचा दिखाऊपणा यांचा हिशेब तिला चुकत नाही. सांगितलेले काम ती शब्दशः करते आणि त्यामुळे हुकूम सोडणाऱ्याचाच मूर्खपणा उघडा पडतो. शिवाय निनींनी केवळ गरिबांची पात्रे केली नाहीत. मोनिका बेदोया उएयो दे पिकोस पार्दोस ही त्यांची उच्चभ्रू बाई आहे. तिचे नाव याहूनही लांब आहे आणि ते लांबवण्यामागे जमीनदार घराण्यांच्या जोडआडनावांचा समाचार घेण्याचाच हेतू आहे. ती तोंडातल्या तोंडात, कंटाळल्यासारखी, जणू बोलणे हेही नोकराने करायचे काम आहे अशा सुरात बोलते. ग्लादिस मिनेर्वा पेदान्तोने ही वर्गात पहिली येणारी, पाठांतराने फुगलेली विद्यार्थिनी आहे. तिची स्पॅनिश व्याकरणशुद्ध आहे आणि तरीही ती हास्यास्पद ठरते. शुद्ध बोलणारेही जिच्या तावडीतून सुटत नाहीत, तिचा विनोद केवळ अशुद्धतेवर उभा आहे असे म्हणता येत नाही.

---

चौथी_रांग

धागाकर्तीच्या बहुतेक मतांशी सहमत आहे, पण चित्रपटांतील कान्दिदाविषयी मला वेगळे म्हणायचे आहे. रेडिओवरची कान्दिदा आणि पडद्यावरची कान्दिदा या दोन वेगळ्या बायका आहेत. १९३९ च्या ‘कान्दिदा’ या चित्रपटाचे दिग्दर्शक लुइस बायोन एरेरा होते आणि त्या मालिकेतील चित्रपटांचा कल तिला उत्तरोत्तर त्यागमूर्ती बनवण्याकडे आहे. ती मालकांच्या मुलांना सांभाळते, घर वाचवते, स्वतःसाठी काही मागत नाही. १९४५ च्या चित्रपटाचे तर नावच ‘सान्ता कान्दिदा’, म्हणजे संत कान्दिदा. मोलकरीण इतकी सोशिक आणि प्रेमळ दाखवली की तिच्या पगाराचा आणि सुटीचा विषयच निघत नाही. मला ही देवपण देण्याची रीत टिंगलीपेक्षा अधिक घातक वाटते.

कातिताच्या बाबतीत हे झाले नाही. तिला कोणी संत करू शकले नाही, कारण ती मत्सरी आहे, चोंबडी आहे, दुसऱ्याच्या भानगडींत नाक खुपसणारी आहे आणि कुणी कमी लेखले तर जागच्या जागी फटकारणारी आहे. मानुएल रोमेरो हे घाईने चित्रपट काढणारे दिग्दर्शक होते, त्यांच्या चौकटी साध्या आहेत, पण कातिताला त्यांनी बोलू दिले. माझ्या मते तेच त्यांचे मोठे योगदान आहे.

---

पडद्यामागची

चौथी_रांग, पडद्यावरच्या कान्दिदाविषयीचे तुमचे निरीक्षण मला मान्य करावे लागेल. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला कथानक लागते आणि त्या काळी मोलकरणीच्या कथेला त्यागाखेरीज दुसरा शेवट लेखकांना सुचत नसे. रेडिओवरचा संवाद काही मिनिटांचा, त्याला शेवटाची गरजच नव्हती. त्यामुळे तिथे कान्दिदा अधिक मोकळी राहिली.

---

अर्धविराम

१९४३ च्या बंदीबद्दल थोडी भर घालतो, कारण ती एकट्या निनी मार्शल यांच्यापुरती नव्हती. त्याच काळात टँगोच्या गीतांवरही रेडिओची कात्री चालली. लुन्फार्दो ही ब्युनोस आयर्सच्या वस्त्यांतली बोली टँगोच्या रक्तात भिनलेली होती. इटालियन बोलींतून, तुरुंगांतून, बंदरावरच्या व्यवहारांतून आलेले तिचे शब्द रेडिओवर वर्ज्य ठरले, आणि प्रसिद्ध गीतांचे शब्द बदलून, कधी शीर्षकेही बदलून ती गायली जाऊ लागली. या धोरणामागे एक जुनी भीती होती. स्थलांतरितांच्या लोंढ्यात राष्ट्रीय भाषा बुडून जाईल, अशी चिंता तिथले अभिजन विसाव्या शतकाच्या आरंभापासून व्यक्त करीत होते. रेडिओ घराघरात पोहोचल्यावर त्या चिंतेला सरकारी अधिकाराचे बळ मिळाले.

निनी मार्शल यांच्या बाबतीत विसंगती ठळक दिसते ती अशी की चुकीचे बोलणे लिहायला बरोबर भाषेचे पक्के ज्ञान लागते. कातिताच्या चुका कशाही केलेल्या नाहीत. मोठे, पुस्तकी शब्द वापरण्याची तिला हौस आहे आणि नेमके तिथेच ती घसरते, रोजच्या व्यवहाराच्या शब्दांत घसरत नाही. कान्दिदाच्या चुका गालिसियन भाषेच्या उच्चारांतून येतात. दोन्या पोला या ज्यू बाईच्या बोलण्याला पुन्हा निराळी घडण आहे. एकीची चूक दुसरीच्या तोंडी कधी जात नाही. भाषेचा विपर्यास करणाऱ्या व्यक्तीला हे साधणार नाही.

---

सागरगोटे

अध्यक्ष हुआन पेरॉन यांची पत्नी एव्हा पेरॉन हिची नक्कल केल्यामुळे निनींना देश सोडावा लागला, असे कुठेतरी वाचल्याचे आठवते. हे खरे आहे का?

---

पडद्यामागची

ही अफवा फार पसरली. एका खासगी मेजवानीत निनींनी एव्हा पेरॉन यांची हीन स्वरूपाची नक्कल केली, असे सांगितले जात असे. निनींनी ते नेहमीच ठामपणे नाकारले. १९५० च्या आसपास त्यांना काम मिळणे बंद झाले हे मात्र खरे. तेव्हा त्या एव्हा पेरॉन यांचे बंधू आणि अध्यक्षांचे खासगी सचिव हुआन दुआर्ते यांना भेटायला गेल्या होत्या. तिथे त्यांना ताटकळत ठेवले गेले आणि त्या कथित नकलेचीच आठवण करून देणारा निरोप मिळाला, अशी हकिकत आहे. त्यानंतर त्या मेक्सिकोला गेल्या.

---

चौथी_रांग

यात अभिनेत्री लिबेर्ताद लामार्के यांचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. १९४५ च्या ‘ला काबाल्गाता देल सिर्को’ या चित्रपटाच्या सेटवर त्यांनी तेव्हा लहान भूमिका करणाऱ्या एव्हा दुआर्तेच्या, म्हणजे पुढच्या एव्हा पेरॉनच्या, थोबाडीत मारली, अशी दंतकथा आहे आणि लामार्के यांनीही ती आयुष्यभर नाकारली. त्याही मेक्सिकोला गेल्या. दोन मोठ्या अभिनेत्री, दोन अफवा, दोघींचा नकार, आणि दोघींचा एकच मार्ग.

अशा कथांमुळे सारा दोष दोन स्त्रियांच्या भांडणावर ढकलला जातो आणि खरी यंत्रणा नजरेआड राहते, म्हणून त्या मला खटकतात. पेरॉन यांच्या राजवटीत चित्रपटांसाठी लागणारी कच्ची फिल्म, कर्जे आणि प्रदर्शनाचे परवाने या सर्वांवर सरकारची पकड होती. १९४९ पासून माहिती खाते राउल अपोल्द यांच्या हाती होते. कोणाला काम द्यायचे नाही हे निर्मात्यांना कळवायला लेखी आदेशाची गरज पडत नसे. अशा वेळी मेजवानीत नक्कल केली होती की नव्हती, हा प्रश्न गौण ठरतो.

---

अर्धविराम

मेक्सिकोच्या निवडीमागे व्यवसायाचेही कारण होते. दुसऱ्या महायुद्धात अर्जेंटिना तटस्थ राहिला म्हणून अमेरिकेने त्याला कच्च्या फिल्मचा पुरवठा आखडता घेतला आणि मित्रराष्ट्रांच्या बाजूने गेलेल्या मेक्सिकोला भरभरून दिला. १९४० च्या सुमारास स्पॅनिश बोलणाऱ्या जगात अर्जेंटिनाचे चित्रपट आघाडीवर होते. युद्ध संपेपर्यंत ती जागा मेक्सिकोने घेतली होती.

तिथे निनींना कातिता नेता आली नाही, कारण कातिताचे बोलणे ब्युनोस आयर्सच्या बाहेर निम्मेच कळते. कान्दिदा मात्र कुठेही नेता येत होती. स्पेनच्या यादवी युद्धात हरलेल्या प्रजासत्ताकाचे हजारो स्पॅनिश निर्वासित मेक्सिकोत आलेले होते, त्याआधीपासूनचे स्पॅनिश दुकानदारही तिथे होतेच. त्यामुळे गालिसियन बाई हे पात्र मेक्सिकोच्या प्रेक्षकाला परके नव्हते. १९४९ च्या ‘मेक्सिकोतील एक गालिसियन बाई’ या चित्रपटात त्यांच्यासोबत होआकिन पार्दावे हे तिथले मातब्बर विनोदी नट होते, आणि पुढच्या एका चित्रपटात तर ही बाई मॅम्बो नाचते. हे चित्रपट मला त्यांच्या अर्जेंटिनातील कामाच्या तोडीचे वाटत नाहीत. तरीही तिथे राहून त्यांनी मेक्सिकन बोलण्याचा अभ्यास केला आणि पात्रांच्या ताफ्यात लुपे नावाची मेक्सिकन बाई आणली. निर्वासनातही कान काम करीत राहिला.

---

ताम्हण

धाग्यातील मूळ लेखात घटस्फोटाची सोय नसलेल्या देशाचा उल्लेख आहे, त्यावर लिहावेसे वाटते. निनी मार्शल यांचा १९३९ चा ‘मोन्तेविदेओतील घटस्फोट’ हा चित्रपट याच अडचणीवर उभा आहे. नदीपलीकडच्या उरुग्वेने १९०७ मध्येच घटस्फोटाचा कायदा केला होता, आणि १९१३ मध्ये तर केवळ पत्नीच्या इच्छेने घटस्फोट मिळू शकेल अशी तरतूद केली. अर्जेंटिनात १९५४ च्या अखेरीस कायदा झाला, पेरॉन पडल्यावर तो स्थगित केला गेला आणि नंतर थेट १९८७ मध्ये घटस्फोट कायमचा मान्य झाला. मधल्या काळात तिथले लोक बोटीने मोन्तेविदेओला जाऊन कागद करून आणत, ज्यांना मायदेशात कायद्याची किंमत नसे.

चित्रपटात एक श्रीमंत तरुण पैसे देऊन एका हातांची निगा राखणाऱ्या मुलीशी नावापुरते लग्न करतो, उद्देश असा की लगेच घटस्फोट घेता यावा. ही मुलगी साबिना ओल्मोस झाली आहे आणि तिची मैत्रीण व सहकारी म्हणजे कातिता. १९४० मध्ये ‘ब्युनोस आयर्समधील लग्न’ आणि ‘रिओमधील मधुचंद्र’ असे त्याचे पुढचे दोन भाग आले. आधी घटस्फोट, मग लग्न आणि शेवटी मधुचंद्र असा हा उलटा प्रवास आहे. या तिन्ही चित्रपटांत एनरिके सेर्रानो यांच्याशी कातिताची जी जुगलबंदी रंगते तिच्यात वाक्ये इतक्या वेगाने येतात की उपशीर्षकांवर विसंबून पाहणाऱ्याला दोनदा पाहावे लागते. निनींनी स्वतःच्या मोडलेल्या विवाहाविषयी या चित्रपटांत काही सांगितले असा माझा दावा नाही, पण कायद्याने अडकलेल्या बायकांची स्थिती त्यांना ऐकीव नव्हती.

---

वाळवंटातील_विहीर

माझ्या प्रश्नाला इतकी सविस्तर उत्तरे मिळाली याबद्दल सर्वांचे आभार. ज्यांनी काहीच पाहिलेले नाही त्यांनी सुरुवात कशाने करावी?

---

चौथी_रांग

माझी शिफारस १९४० च्या ‘आय के एदुकार आ निनी’ची, म्हणजे ‘निनीला शिकवले पाहिजे’. दिग्दर्शक लुइस सेसार आमादोरी. चित्रपटांत किरकोळ कामे करणारी एक प्रौढ बाई एका बनावट प्रकरणात कोणाची तरी अल्पवयीन मुलगी म्हणून उभी केली जाते आणि मुलींच्या वसतिगृह-शाळेत पाठवली जाते. बोलीचे अडथळे इथे तुलनेने कमी आहेत, त्यामुळे स्पॅनिश थोडीच येत असली तरी आनंद घेता येतो. मिर्ता आणि सिल्विया लेग्रांद या जुळ्या बहिणी याच चित्रपटातून पडद्यावर आल्या. त्यांपैकी मिर्ता पुढे दूरचित्रवाणीच्या सर्वांत प्रसिद्ध निवेदिकांपैकी एक झाल्या.

त्यानंतर १९४३ चा ‘कार्मेन’ पाहावा. नाटकमंडळीसाठी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या डोक्याला मार लागतो आणि बेशुद्धीत ती स्वतःला बिझेच्या ऑपेरातील कार्मेन समजते. निनींच्या नृत्याचे आणि गायनाचे शिक्षण लहानपणापासून झालेले होते. त्या शिक्षणाचा असा खोडकर उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ऑपेराची टिंगल करतानाही त्या लयीत कुठे चुकत नाहीत.

---

पडद्यामागची

रंगभूमीवरील कामाविषयी मूळ लेखात लिहायचे राहिले होते, ते इथे लिहिते. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर त्या अर्जेंटिनात परतल्या, १९५६ मध्ये ‘कातिता एस उना दामा’ आला आणि पुढे दूरचित्रवाणीवरही त्यांची पात्रे आली. परंतु मोठे पुनरागमन झाले ते १९७३ मध्ये, सत्तराव्या वर्षी. तरुण निर्माते लिनो पातालानो यांच्या आग्रहामुळे त्यांनी ‘ई से नोस फुए रेदेपेन्ते’ हा एकपात्री कार्यक्रम केला. शीर्षक कातिताच्या तोंडचे आहे. ‘आणि अचानक आपल्याला सोडून गेला’ असे तिला म्हणायचे आहे आणि अचानक हा शब्दच तिने मोडला आहे. मयताच्या घरी जमलेल्या लोकांत कातिता बोलत सुटते. मृताचे गुण, त्याच्या आजाराचे तपशील, आलेल्यांचे कपडे, विधवेचे वागणे, ठेवलेले खाद्यपदार्थ, सगळे एकाच श्वासात. दुःखाच्या प्रसंगी माणसे कशी बोलतात हे ज्याने कधी लक्ष देऊन ऐकले आहे, त्याला यातला एकही शब्द खोटा वाटणार नाही.

छोट्या जागेत, प्रेक्षकांपासून हाताच्या अंतरावर, टोपी किंवा शाल बदलून त्या एका पात्रातून दुसऱ्यात जात. कार्यक्रम अनेक वर्षे चालला, दौरे झाले, आणि कातिता पहिल्यांदा ऐकणाऱ्या तरुणांची एक नवी पिढी त्यांना मिळाली. ज्या मुलीचे मूळ रूप १९३० च्या दशकातील रेडिओच्या दाराशी उभे होते, ती चाळीस वर्षांनंतरही जुनी झाली नव्हती. कारण निनींनी तिच्यात त्या काळाच्या फॅशनपेक्षा स्वभाव अधिक भरला होता.

---

अर्धविराम

याच ठिकाणी माझा थोडा मतभेद नोंदवतो. कातिता टिकली, पण सगळी पात्रे सारखी टिकली नाहीत. दोन्या पोलाची ज्यू बोली किंवा दोन्या कातेरिना या इटालियन आजीची बोली आज ब्युनोस आयर्सच्या रस्त्यावर ऐकू येत नाही. त्या बोली बोलणारी पिढी संपली. ती पात्रे आता इतिहासाचा ऐवज म्हणून मोलाची आहेत. भाषेच्या अभ्यासकाला त्या ध्वनिमुद्रणांत जे सापडेल ते कुठल्याही जनगणनेत सापडणार नाही, पण नव्या श्रोत्याला हसू येण्यासाठी त्यांना आता स्पष्टीकरण लागते. मोनिका आणि ग्लादिस मिनेर्वा यांना लागत नाही. पैशाचा तोरा आणि विद्येचा तोरा अजून शिल्लक आहेत.

---

ताम्हण

त्यांच्यानंतर कोण, असे विचारले तर मला अर्जेंटिनाचेच अंतोनियो गासाया आणि हुआना मोलिना ही दोन नावे सुचतात. गासाया यांनी कितीतरी स्त्रीपात्रे रंगवली आणि त्यांतही बोलण्याच्या ढंगावरच सारा भर होता. मोलिना यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दूरचित्रवाणीवर एकटीने अनेक बायका उभ्या केल्या आणि नंतर तो व्यवसाय सोडून त्या संगीताकडे वळल्या. दोघांच्याही विनोदात अधिक कडवटपणा आहे. निनींच्या पात्रांना त्यांची लेखिका आवडीने सांभाळते, हे गासाया यांची पात्रे पाहताना मला जाणवत नाही.

---

पडद्यामागची

अर्धविराम यांचा मुद्दा मी स्वीकारते, फक्त दोन्या कातेरिनाबद्दल माझे मत राखून ठेवते. ती कातिताची आजी आहे आणि नातीचे बोलणे ऐकल्यावर आजीचे बोलणे आपोआप उलगडत जाते. दोघींची ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकून पाहावीत.

शेवटच्या वर्षांविषयी कोणी विचारले नाही, तरी नोंद असावी. त्यांचा शेवटचा चित्रपट १९८० चा ‘के लिन्दा एस मि फामिलिया’. तो लुइस सान्द्रिनी या दुसऱ्या थोर विनोदी नटाचाही शेवटचा ठरला. १९८५ मध्ये साल्वादोर दान्ना यांच्या सहकार्याने लिहिलेल्या त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि १९८९ मध्ये ब्युनोस आयर्स शहराने त्यांना मानाच्या नागरिक म्हणून गौरवले. १८ मार्च १९९६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आठवणींचे ते पुस्तक स्पॅनिशमध्ये आहे. इथे स्पॅनिश जाणणारे जे सदस्य आहेत त्यांनी त्यातील रेडिओच्या दिवसांवरील भागाचा मराठी अनुवाद करण्याचा विचार करावा. कातिताच्या संवादांना मराठीत कोणत्या शहराची, कोणत्या वस्तीची बोली द्यायची, यावर मग स्वतंत्र धागा काढता येईल.